बांगड्यांचा बर्फ

चिंचिणीच्या कापलेल्या शेतात खेळलो रविवारी,
चाळिशीपुढच्या बायका, नऊ आणि नऊ.
मी डाव्या बगलेला. सडांनी घोटे ओरबाडले.
हरलो, तीन-एक.
सोमवारी वीजखात्यात बिलं तपासताना
मनात म्हटलं, बघा, काही झालं नाही.
मंगळवारी जिन्याने सांगितलं.

वर जाता येतं. उतरता येत नाही.
कठडा धरून, कुर्लीसारखी, आडवी आडवी.

मुलगा म्हणाला, लॅक्टिक ॲसिड, आई.
शेजारची पिएदाद फेणी घेऊन आली:
"मांड्यांना चोळ, उरली तर पी."
आणि कोच मिंगेलने कुटबणच्या जेटीवरून
टेम्पोभर बर्फ आणला,
निळ्या पिंपात बसवलं एकेकीला.
बर्फात एक खवला चिकटलेला.
रात्रभर मला बांगड्यांचा वास.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मडगावची शर्वाणी केंकरे, फिजिओ,
मांडीत बोट रुतवून म्हणाली,
ॲसिड रविवारीच गेलं,
तुम्ही मैदानावर चहा पीत होतात तेव्हा.
त्या बिचाऱ्याचं नाव उगाच.
धावण्याने नाही दुखत एवढं, थांबण्याने दुखतं.
बॉल वळला की पाय रोवून
अंग आवरता ना, तेव्हा
स्नायू लांबत असतो आणि धरूनही ठेवत असतो.
तिथे बारीक धागे उसवतात.
मग डागडुजी सुरू होते, ती सावकाश दुखते.
बर्फाने दुखणं दबतं,
डागडुजीही थोडी दबत असेल.
नक्की नाही, आमच्यात अजून भांडणं आहेत.
आणि फेणी?
ती हसली. "झोपा, ताई. पेज खा, मासे खा, झोपा."

लांबत जायचं आणि धरूनही ठेवायचं.
उल्हासला बोटीवर जायचं असतं
तेव्हा दाबोळीला मी हात हलवते, ठीक असते,
परतताना भाजीसुद्धा घेते.
तिसऱ्या दिवशी सिलिंडर बदलताना
नळी हातात घेऊन खाली बसते.
यावर अजून कोणी बर्फ सुचवलेला नाही.

तर मी झोपले. नऊ तास, दुपारचा एक वेगळा.
आत कोण काय शिवत होतं, मला विचारू नका.
गुरुवारी पोदेराचा भोंगा वाजला
आणि पिशवी घेऊन मी जिना उतरले,
पहिल्या चार पायऱ्या खेकडा,
पुढच्या सरळ.

मिंगेल फाटकाशीच उभा.
पिंपातलं पाणी त्याने माडाला ओतलं होतं.
"आयतारा?" त्याने विचारलं.
मी पाव मोजत राहिले.