वेटिंग

महाबळेश्वरचं गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं
आणि सुदामची गाडी शुक्रवारी रिकामी राहिली.
दुपारचे तीन. नळाला येतं ते पाणी
थेट चहाला ठेवावं असं.
पंखा आहे, पण तो नुसता उकाडा ढवळतो.
नाना ओला पंचा पाठीवर टाकून लादीवर पालथे,
वेदू फ्रीज उघडून त्याच्यापुढं बसलेली,
म्हणे अभ्यास करते आहे.

"चला," सुदाम म्हणाला, "डोंगरावर जाऊ."
कुठल्या, तर त्यानं खिडकीतून बोट दाखवलं.
लोकमान्यनगरच्या पत्र्यांवरून, क्रेनच्या मागं
रोज दिसतो तोच. येऊर.

सामान मात्र काश्मीरला निघाल्यासारखं:
नानांची स्वतःची उशी, वीस लिटरचा जार,
दहीभात, डासांची अगरबत्ती, आणि पत्ते,
ज्यात चौकटची राणी नाही,
तिच्या जागी लाइटबिल कापून केलेली एक.
मी पहिल्यांदाच मागं बसले, गिऱ्हाइकांच्या जागी.
हात कुठं ठेवावेत कळेना.

वीस मिनिटं. गेटवर विचारलं, कुणाकडं?
सुदामनं किल्ली देणाऱ्या शेठचं नाव सांगितलं,
जरा मोठ्यानंच.
वळणावर त्यानं काचा खाली करायला लावल्या:
"आता हवा बघा."
बघितली.
होती. थोडी होती.
"दोन डिग्रीचा फरक," नाना म्हणाले,
आणि पिशवीतून स्वेटर काढून मांडीवर घेऊन बसले.

बंगला राखते ती बुधी, पाटोणपाड्याची.
पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन आली,
पैसे नको म्हणाली, मग घेतले.
"हितं काय बघाया आलाव?"
"गार वारा," वेदू म्हणाली.
बुधी हसली. पाड्यावरची बोअर
पंधरा दिवस कोरडी, टँकर आला तर आला.
मी आमच्या जारवर टॉवेल टाकला.
मग काढला. अर्धा तिच्या हंड्यात ओतला.
अर्धाच.

रात्री गच्चीतून ठाणं.
वेदूला आपली बिल्डिंग शोधायची होती:
ती टाकी, तो मोबाइलचा टॉवर, त्याच्या डावीकडं…
तेवढ्यात तो सगळा पट्टाच विझला.
"आपली लाइट गेली!" ती टाळ्या पिटत ओरडली,
जशी काही दुसऱ्याच कुणाची गेली.
मला तिसऱ्या मजल्यावरच्या खरटमोलबाई दिसल्या, न दिसता,
पुठ्ठ्यानं बाळाला वारा घालताना.
मी काही बोलले नाही.
पत्त्यांचा डाव अर्धा होता, विजेच्या बिलाची राणी माझ्याकडं.

चारला जाग आली. रोज येते.
बावीस डबे, शंभरावर पोळ्या.
इथं परात नव्हती, तवा नव्हता,
दोन हात नुसते चादरीवर पडलेले,
कुणीतरी विसरून गेल्यासारखे.
शेजारी सुदाम नव्हता.

गाडीत होता. सीट मागं पाडून, पाय डॅशबोर्डवर,
काच चार बोटं खाली.
थंड हवेची सगळी ठिकाणं त्याला पाठ आहेत:
पाचगणीची बसस्टँडमागची जागा,
माथेरानचा दस्तुरी नाका,
जिथं सावली सकाळी दहापर्यंतच असते.
एकोणीस मे महिने तो असाच झोपलाय.
"आत झोप लागेना," म्हणाला, "छत फार लांब होतं."

मी मागचं दार उघडून बसले.
डोळे न उघडता, सवयीनं, तो:
"कुठं जायचं, मॅडम?"

इथं बिबट्या असतो म्हणे.
काहीतरी ओरडलं, मोर असेल किंवा मांजर.
आणि मग झाडांमधून, खरंच, तो सुटला,
मनगटापासून कोपरापर्यंत
तव्याच्या एकेका डागावर थांबत वर आला.
मी ओढणी काढून ठेवली.

"कुठं नाही," मी म्हटलं.
"वेटिंग लाव."