भोळे मोटर रिवाइंडिंग, किनगाव

सहाशे फुटांवर मोटर अडकली की मला बोलावतात.
केबल तुटलेली, पाइप सुटलेला,
मी बोअरच्या तोंडाशी बसून गळ सोडतो,
हाताला कळेल तेवढंच खरं.
खाली गेलेलं वर आणणारा तालुक्यात मी एकटाच,
असं म्हणतात. मीही खोडत नाही.

वर गेलेलं खाली आणायचं मात्र
अजून जमलेलं नाही.

दुकानामागच्या खोलीत भाच्यानं टाकून दिलेला कॉम्प्युटर,
झाकण काढून त्याच्यावर टेबलफॅन लावलाय;
मे महिन्यात त्याचंही डोकं तापतं.
शटर ओढलं की मी त्यात रॉकेटं जुळवतो.
पहिल्याची छत्री उडायच्या आधीच उघडली,
टप्पे उलटे लागले होते.
दुसरं पंचवीस सेकंद सरळ गेलं,
मग शेपटी पुढं करून निघालं.
तिसऱ्याला पट्ट्यांनी इतकं आवळलं
की ते जागचं हललंच नाही.
एकोणिसावं चंद्रावर उतरलं. पायांवर. उभं.
मी खुर्चीतून उठलो, कोणाला सांगावं कळेना,
म्हणून हात धुऊन आलो.

मग पाहिलं: टाकीत चार टक्के.

जामसिंग माझ्याकडे कॉइल भरतो.
सातपुड्यातल्या पाड्यावरचा पोरगा,
वेढे मोजताना त्याचे ओठसुद्धा हलत नाहीत.
महिनाभर त्यानं पडद्याकडं नुसतं पाहिलं
आणि एक दिवस वार्निशचा ब्रश डब्यात ठेवून विचारलं,
"शेठ, तो तिथला माणूस कधी आणायचा?"
अरे, तो खोटा आहे. जेवत नाही, झोपत नाही.
"पण उभा आहे ना."

मग गाडी बांधली. सहा चाकं, दोन शिटा, वर सोलर पाटी.
उतरली नऊ किलोमीटर लांब,
त्याहून जवळ मला साधलं नाही.
जामसिंग चालवायचा. तिथं कशालाच वजन नाही,
जरा उंचवटा आला की गाडी हवेत;
हवेत तरी कसं म्हणावं, तिथं तीही नाही.
तीनदा उलटली.
आणि रात्री साडेबाराला शेतीची थ्री-फेज यायची,
केळीच्या बागांतल्या मोटरी एकदम उठायच्या,
मीच भरलेल्या, माझ्याच हातच्या,
आणि माझंच व्होल्टेज पिऊन टाकायच्या.
पडदा काळा.
पुन्हा जिथं सेव्ह केलं होतं तिथून.

सहाव्या रात्री गाडी पोचली. तो माणूस शिटावर बसला.
जामसिंगनं त्याला उगाच दोन चकरा मारून आणल्या,
नवरदेवाला मिरवतात तशा.

त्याला न्यायला पाठवलेल्या रॉकेटनं
उतरतानाच सगळं जाळून टाकलं.
म्हणजे माझ्या हातानं.
आता तिथं दोघं. मी कपाळ धरलं.
जामसिंग हसला, "दोन घरं झाली शेठ.
आमच्याकडं एवढ्यालाच पाडा म्हणतात."

त्यानंतर आणायचा विषय निघाला नाही.
राहायला एक नळकांडं पाठवलं, एक दिवा,
मग अजून एक दिवा, जामसिंगला एक पुरेना.
दुसरं नळकांडं जोडायला गेलो
तर तोंडं चार बोटं वरखाली. आठवडा त्यातच गेला.

काल ड्रिल उतरवलं.
तिथलाच दगड फोडायचा, त्यातूनच इंधन काढायचं;
निघतं म्हणे.
जामसिंग म्हणाला, बोअर आहे, नारळ नको?
आणला. फोडला नाही, कीबोर्डशेजारी ठेवला.
"किती फुटांवर लागेल?"
तिथली जमीन मला माहीत नाही. इथली आहे.
वडिलांना ऐंशीला लागायचं,
मला दोनशेला, मग चारशेला.
आधी वर येते ती धूळ, कोरडी, पिठासारखी.
कळ दाबली.
पडद्यावर तशीच धूळ उडाली.
आकडा हलला: शून्य पूर्णांक शून्य तीन.

तेवढ्यात साडेबारा.
अंधारात बागांमधून घूं सुरू झालं,
आधी नाल्याकडून, मग सगळीकडून.
"झोपेंच्या मोटरीची बेअरिंग गेलीय," जामसिंग म्हणाला.
सकाळी बघू, म्हटलं.
कोणीच उठलं नाही.
अंधारात त्यानं नारळ कानाशी नेला
आणि हलवून पाहिला.