बर्फावरची खोपी

मंगळवार, गुरुवार, संध्याकाळी सहा ते नऊ.
डुलुथ, खोली दोनशे चौदा. हीटर खोकतो.
मी वेंडेल सारी, वय एकोणपन्नास,
बावीस वर्षं लोहखनिजाच्या जहाजांवर अंडी तळली,
मग माझ्याआधी माझ्या पाठीनं राजीनामा दिला.
आता फौजदारी कायदा आणि कार्यपद्धती,
पॅरालीगलचं दुसरं सत्र.

बोप्रे बाई फळ्यावर दोनच शब्द लिहितात:
कृती. हेतू.
दोघं एका वेळी एका अंगात भेटले, की गुन्हा.
नुसत्या हेतूला शिक्षा नाही.
"बरं आहे," ट्रूडी पुटपुटते,
"नाहीतर नवरा हयात असून मी जन्मठेपेवर असते."

मग घरफोडी. व्याख्येतला एकेक शब्द सोलायचा.
प्रवेश. परवानगीशिवाय. इमारत.
आणि गेल्या आठवड्यात अख्खा वर्ग अडला:
पाणी गोठल्यावर मासे धरायला
बर्फावर ओढून नेतात ती खोपी,
ती घर आहे का?

प्लायवुडच्या चार भिंती. शेगडी. फळीवर अंथरूण.
जमिनीला एक भोक, खाली काळं पाणी.
वेळेत हलवली नाही तर वसंतात तळं गिळतं.
ट्रूडी म्हणाली, दार आहे, कुलूप आहे, म्हणजे घर.
पोरगेलासा एलियास म्हणाला, पाया कुठाय?
मी म्हटलं, जहाजाला तरी कुठे पाया असतो,
मग बावीस वर्षं मी राहिलो कुठे?
कोणी हसलं नाही.
बाईंनी खडू खाली ठेवला.
"परीक्षेत असं लिहू नका," म्हणाल्या,
"विसरूही नका."

शुक्रवारी सरकारी बचाव-वकिलांच्या कचेरीत उमेदवारी.
पहिल्याच दिवशी सही करून दिलीय: सल्ला देणार नाही.
फायली लाव, पानांवर आकडे घाल, मुदती मोज,
शनिवार-रविवार कधी धरायचे, कधी सोडायचे, पाठ कर.
पण "मी काय करू?" असं कोणी विचारलं
तर तोंडात बर्फ धर.

आज बाकावर टेव्हिन. वीस वर्षांचा.
कानांच्या पाळ्या थंडीनं काळवंडलेल्या.
उणे एकतीसच्या रात्री कुणाच्यातरी खोपीत शिरला,
शेगडी पेटवली, घेवड्याचा एक डबा खाल्ला,
आणि डबा धुऊन उपडा वाळत घातला.
अहवालातलं शेवटचं वाक्य हेच.
पोलिसानं ते का लिहिलं, त्याचं त्याला ठाऊक.

मांडीवर कबुलीचा कागद.
कारकून दोनदा डोकावून गेला: झालं का?
वकीलबाई तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या जामिनात.
"सही केली तर आजच घरी सोडतात म्हणे.
करू?"

घरी. हा शब्द त्यानं वापरला, मी नाही.

मला ठाऊक होतं. सगळं नाही, पण पुरेसं.
थांब, अगदी जिभेच्या टोकावर होतं,
एकाच शब्दावर भांडता येईल,
आणि डबा धुऊन ठेवणारा चोर कुणी पाहिलाय...
गिळलं. मी वकील नाही.

"पेन दे," तो म्हणाला.

"पेन," मी म्हणालो, आणि शोधायला लागलो.
कोटाच्या डाव्या खिशात. उजव्या.
फाइलच्या कप्प्यात. बाकाखाली, पाठ कण्हत असताना वाकून.
पलीकडच्या टेबलावर पेन्सिल होती. पेन्सिल चालत नाही.
खाली गेलो. कॉफीच्या यंत्रापाशी
कशाला आलो तेच जरा वेळ विसरलो.
वर आलो जिन्यानं, लिफ्ट असून.

शर्टाच्या खिशात दोन होती,
एक निळं, एक काळं.
दर पायरीला टोचत होती.

कृती: काही नाही.
हेतू: विचारू नका.

अकरा मिनिटांनी वकीलबाईंचे बूट वाजले.
त्यांनी कागद उचलला, वाचला, माझ्याकडे पाहिलं,
मग माझ्या खिशाकडे.
"कॉफी आणलीत का?" एवढंच म्हणाल्या.
नव्हती आणली.

बस उशिरा होती. गोठलेल्या बंदरावर
खोप्यांमधून दिवे लागत होते.
मोजत राहिलो. सतरापर्यंत आलो,
एक विझला, की बस मधे आली,
नक्की सांगता येणार नाही.