अकरा फांद्या

सरोवर गोठलं की आमच्याकडे रस्ता पेरतात.
पन्नास पन्नास पावलांवर बर्फाला भोक पाडून
स्प्रूसची एकेक फांदी,
या काठापासून थेट बेटापर्यंत.
हिम पडू लागलं की काठ दिसत नाही, आकाश दिसत नाही,
दिसते ती फक्त पुढची फांदी.
माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो.
दुसरं करणार काय?

टाउनो दर गुरुवारी टपाल घेऊन बेटावर जायचा,
एक पाय घसरगाडीवर, एक बर्फाला रेटत.
वाटेत हिल्याच्या घराकडे त्याची मान वळायची.
एवढंच. मान वळायची.
तेवढं पुरलं गावाला अख्ख्या हिवाळ्यासाठी.
सौनात, चर्चच्या पायरीवर बूट झटकताना,
आणि इथे, माझ्या दुकानात, पीठ तोलताना
कुणीसं म्हणालं,
टाउनोचा रस्ता खरं तर हिल्याच्या दाराशीच जायला हवा.
हसलो आम्ही. डोळे पुसून पुसून हसलो.
पलीकडे पोरं गोळ्यांची बरणी न्याहाळत होती.

बुधवारी रात्री पोरांनी अकरा फांद्या उपटल्या,
नवी भोकं पाडली, मोजून, पन्नास पावलांवर
(शाळेचा अभ्यास कधी इतका नेटका केला नाही त्यांनी)
आणि रस्ता हिल्याच्या दाराकडे वळवला.
मध्ये ती चिंचोळी जागा,
जिथे खालून पाण्याला ओढ असते
आणि वर बर्फ सायीएवढा.
पोरांचं वजन ते किती. सायीनं पेललं.

गुरुवारी सकाळी दुकानात आधी गंमतच आली:
रस्ता वळलाय म्हणे!
पुन्हा हसलो.
दहाला हिम पडायला लागलं.
कुणीतरी खिडकीतून पाहिलंही.
कॉफी गरम होती. कुणी उठलं नाही.

तिसऱ्या दिवशी घसरगाडी सापडली, मग तो.
पाकिटं बर्फाच्या पोटाला आतून चिकटली होती,
पत्ते वाचता येत होते.

त्यानंतर कुणीच कधी हसलेलं नव्हतं.
आमच्या थंडीत बोट दाखवता येत नाही,
जाड मोज्यात चारही बोटं एकत्र असतात,
म्हणून अख्खा हात उठतो.
हात उठले ओन्नीवर, वय वर्षं बारा,
मग त्याच्या बापावर, जो पितो,
मग मास्तरांवर, पाद्र्यावर,
कंदील न लावणाऱ्या नगरपालिकेवर.
मग हिल्यावर:
पडदे कशाला उघडे ठेवायचे एकट्या बाईनं?
खापर इतक्या डोक्यांवर फुटलं
की शेवटी नुसता चुरा उरला,
तोही आम्ही झाडून दुसऱ्याच्या अंगणात लोटला.

ओन्नीच्या दारावर कुणी डांबरानं एक शब्द लिहिला.
त्याची आई तो रॉकेलनं पुसत होती, उणे वीसमध्ये, उघड्या हातांनी.
मी रस्त्याच्या पलीकडून गेले.
ओन्नी म्हणजे आमच्या भाषेत नशीब.
उन्हाळ्यात ते सगळे स्वीडनला गेले,
तिथे कुणीतरी कुणाच्या तरी कारखान्यात होतं.
दार अजून आहे. थंडी वाढली की
तो शब्द लाकडातून पुन्हा वर येतो.

सगळ्यांना सगळं आठवतं,
ते एक वाक्य कुणाचं, तेवढं सोडून.
मलाही विचारलं होतं पोलिसानं.
दुकानात किती लोक येतात, साहेब, मी म्हणाले.

एप्रिलमध्ये बर्फ काळा पडला तेव्हा
हिल्या आली, होडीची वाट न बघता, लांबून काठाकाठानं.
अर्धा किलो साखर, काडेपेटी.
माझं पत्र होतं का त्याच्या पिशवीत? तिनं विचारलं.
माहीत नाही, मी म्हणाले. आणि ते खरं होतं.
तिनं सुटे पैसे मोजून घेतले,
टोपी कानांवर ओढली, आणि दाराशी थांबून म्हणाली,
त्या गुरुवारी, हिम पडायच्या आधी,
तुमचं हसणं ऐकू येत होतं मला.
बर्फावरून आवाज फार लांब जातो.
मला वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलं असेल.