गरम गाडी

देवकुळे डॉक्टरांनी गोळीच्या नावाखाली लिहिलं:
चालणे, रोज चाळीस मिनिटं.
म्हणून मी अजिंक्यतारा धरला.

एकशेसाठी-शंभर.
बत्तीस वर्षं सातारा डेपोत
दाब ऐकत आलो मी, ब्रेकच्या हवेचा, ऑइलचा,
नुसत्या बोटाच्या टिचकीनं टायरचासुद्धा.
पण स्वतःच्या दंडाला पट्टा आवळला तेव्हा
मान वळवली पलीकडं,
इंजेक्शनला पोरं वळवतात तशी.

भीती एकच होती:
चढावर दाब वर जाणार, अजून वर,
आणि कुठंतरी गॅस्केट उडणार.
म्हणून हळू. मुलाणी पुढं, मी मागं.
मुलाणी म्हणजे कोरेगाव मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर,
रिटायर झाला तरी वळणावर
अजून तोंडानं हॉर्न देतो.

चैत्र होता. साडेसातलाच डांबर कोमट.
घाम कानामागून निघून
बनियनच्या पट्टीला थांबत नव्हता.
मंगळाईच्या देवळापाशी पोचलो
आणि थांबलो.
पाय जुळवून, कठड्याला टेकून, एकदम.
खाली डेपो दिसत होता.
लाल गाड्या, गुंजा सांडल्यासारख्या.
मी मोजायला लागलो.
नऊ. दहा.
मग गुंजेचं काळं टोक वाढत गेलं,
एकेका गुंजेला खात
सगळ्या डेपोवर पसरलं.

डोळे उघडले तेव्हा माझे पाय
पायरीवर, डोकं खाली,
मुलाणी टोपीनं वारा घालतोय,
आणि सिव्हिलच्या कणसे सिस्टर
(आमच्या सकाळच्या मंडळाचं मशीन त्यांच्याच पिशवीत)
आकडा वाचतायत:
ब्याण्णव-अठ्ठावन्न.

मी म्हटलं, मशीन बिघडलंय.
वर जायला पाहिजे होता. मी चढून आलोय.

"चढताना वरच होता, काका.
पण अंग तापलं की रक्त कातडीकडं धावतं,
वारा खायला. सगळी दारं उघडी टाकतं.
चालताय तोवर पोटऱ्या त्याला पिळून वर ढकलतात.
तुम्ही गपकन थांबलात.
ते बिचारं तिथंच राहिलं, कातडीत, पायांत.
डोक्याला पुरलं नाही.
वर तुमची गोळी. आणि पाणी किती प्यालात?"

पाणी मी प्यालोच नव्हतो.

झोपल्या झोपल्या हसू आलं.
खंबाटकीच्या माथ्यावर
येळे नावाच्या नव्या पोराला
मी सगळ्यांदेखत कानाखाली दिली होती.
बॉनेटमधून वाफ, आणि त्यानं चावी फिरवून
इंजिन मारलेलं.
गरम गाडी बंद करत नसतात रे,
पंप थांबला की पाणी जिथल्या तिथं उकळतं,
दोन मिनिटं तशीच घुरघुरू दे,
मग उतर.
येळे रडला नाही. डोळे मात्र भरले होते.
आज फलटणला फोरमन आहे म्हणतात.

आणि मला
एकतीस जुलैला शाल, नारळ,
साहेबांचं सात मिनिटांचं भाषण.
एक ऑगस्टला पहाटे साडेचारला जाग,
आणि जायला कुठंच नाही.
हिनं चहा ठेवला. मी खुर्चीत.
तीन महिन्यांत एकशेसाठी-शंभर.
हे सिस्टरना सांगितलं नाही.
त्यांच्या मशीनमध्ये तसं बटण नसेल.

आता वर पोचलो की थांबत नाही.
देवळाभोवती संथ चकरा,
बाटलीतलं पाणी घोटघोट,
खालच्या गुंजा चालता चालता मोजायच्या.
मुलाणी ओरडतो, "अरे, लाव की गाडी आता!"
मी पंजा उलटा करून
मानेवर टेकवून बघतो,
बॉनेटवर टेकवायचो तसा.
अजून हात ठेववत नाही.
अजून एक चक्कर.