सांतोसची कॅसेट

रुझार तारवट्याने सांतोस बंदरातून आणलेली
ती कॅसेट निळी होती, एवढं नक्की.
बाकी रंगांचं सांगता येत नाही.
आमच्या कुडचड्याच्या टीव्हीला
ब्राझीलचं रंगांचं गणित जमेना,
बाराही खेळ करडे उमटले:
करडं जंगल, करडा पोपट,
आणि काचेवर खाणीच्या ट्रकांची लाल धूळ,
तेवढाच काय तो रंग.

यादी पोर्तुगीजमध्ये.
ओर्लांदच्या आईला आकडे येत आणि शिव्या,
त्यावर दोन खेळ निघाले.
मग आम्ही वेंकटेशबाब प्रभुदेसायांकडे गेलो.

नोंदणी कचेरी सोडून त्यांना तेरा वर्षं झालेली.
लोक त्यांच्याकडे जात ते गहाणखतं घेऊन,
कुणाचं भाट कुणाला गेलं,
कोण कधी वारला.
तेवढ्यापुरती ती भाषा गावात उरली होती.

इस्त्रीचा शर्ट घालून आले, साक्षीला यावं तसे.
आधी कॅसेटची पाठ वाचली:
"ब्राझीलबाहेर विक्री मना."
चश्म्यावरून रुझारकडे पाहिलं.
"विकत कुठं घेतली? बोटीवर पत्त्यांत जिंकली."
"मग हरकत नाही," म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

कोपऱ्यातला शब्द होता व्हीदश.
"जन्म," ते म्हणाले. "तुमच्याकडे तीन जन्म आहेत."
त्या मे महिन्यात
आमच्या खिडकीतून ओरडणं ऐकू यायचं,
"मेल्या, तुझ्यामुळे माझा एक जन्म गेला!"
आणि मासे घेऊन चाललेली कुणी बाई
रस्त्यात थबकायची.

रोज चारला येत.
आम्ही भराभर पुढे ढकलायचो त्या ओळी
ते थांबवून वाचत.
सातव्या खेळातला नावाडी
मदत मागायचा, तर हे त्याच्यावरच चिडत:
"सर्वनाम आधी? क्रियापदाच्या आधी?
लिसेंवात याला छडी मिळाली असती."
वहीत पेन्सिलीने त्याचं वाक्य दुरुस्त करून
मगच त्याला नदीपार जाऊ देत.

एकदा रिमोट त्यांच्या हातात दिला.
तिन्ही जन्म अकरा सेकंदांत.
पडद्यावर आलेलं वाक्य
त्यांनी आम्हांला सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
"त्या पोपटाचा रंग कोणता?" एवढंच विचारलं.
"हिरवा," रुझार म्हणाला, "पण शेपूट नाही."
तेही वहीत गेलं.

पावसाच्या तोंडावर रुझार बोटीवर गेला,
आणि एका रात्री व्होल्टेज असं चढलं
की मशीनच्या पोटातून धूर आला.

कॅसेट माझ्याकडे आहे. कशातच बसत नाही.
परवा मडगावचा एक मुलगा आला,
चांगली किंमत देतो म्हणाला, भारतात एकच असेल.
मी कॅसेट उलटी केली
आणि त्याला पाठ वाचून दाखवली,
वेंकटेशबाबांच्या उच्चारात, श ला श.
"पोर्तुगीज येते तुम्हांला?"
नाही रे, म्हटलं. हे एक वाक्य.
आणि जन्म.