जांभळाचा डाग

गंगावेशीत रात्री म्हशी येतात.
दावं बांधायच्या आत गिऱ्हाईक पेला घेऊन उभं.
तीस वर्षं आम्ही एकाच म्हशीचं प्यालो,
मी आणि आनंदा शेळके,
फेसाच्या मिश्या दोघांना सारख्याच.

आता तो पलीकडच्या खांबापाशी थांबतो.
मी इकडे.
मधे शेणाचा पो
आणि एक शब्द.

शब्द मीच टाकला.
शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा
महायुद्धाच्या धड्यात तो यायचा,
दोन गुणांना, टीप लिहा.
मुलं 'फॅ'वरचा चंद्र विसरायची, मी अर्धा गुण कापायचो.
त्या रात्री मी तो आनंदाला दिला,
चारचौघांत, वर्गातल्या आवाजात,
चंद्रासकट.

आनंदा उद्यमनगरात ओतकाम करतो.
पेला खाली ठेवला, पुसला, म्हणाला,
"मास्तर, साचा घरनंच करून आणलाईस व्हय?
मी नुसता वतायचा ऱ्हायलोय."
मग त्यानंही त्याचा शब्द काढला.
देशद्रोही.
तोही काही त्याच्या भट्टीतला नव्हता.
म्हैसवाला म्हणाला, हळू बोला, ती पान्हा चोरंल.

तालमीच्या मॅचला आम्ही एकमेकांची आयमाय काढली आहे,
पेठ वेगळी, झेंडा वेगळा,
आणि रात्री रंकाळ्यावर एकाच कागदातली भेळ.
त्या शिव्यांना हाडं नव्हती.

झालं होतं ते असं:
बंदच्या दिवशी शौकत बागवानची गाडी उलथली.
जांभळं होती. रस्ताभर जांभळं.
पोरं कोण होती, माहीत आहेत;
दोघं तर माझ्याच हाताखाली शिकलेली.
आनंदा तिथं होता.
संध्याकाळी दारावरून गेला तेव्हा
त्याच्या कापशी चपलेचे तळवे जांभळे,
आणि हातही.

तुडवली, का वेचली?
मी विचारलं नाही.
शब्द आधीच मिळाला होता मला,
आणि शब्द मिळाला की विचारायचं राहतं.

मी चुकलो असं म्हणत नाही अजून.
त्याच्या मोबाइलवर काय काय यायचं,
ते तो हसत हसत पुढं पाठवायचा, मला दाखवून,
आणि त्यातलं एकही हसण्यासारखं नव्हतं.
हे खरं आहे.
गाडी उलथली तेव्हा मी माडीवर होतो,
पडद्याची कड दोन बोटांनी धरून,
हेही खरं आहे.
खाली उतरायला अठरा पायऱ्या.
मी दुसऱ्या दिवशी मोजल्या.

त्याच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आली,
दोन गल्ल्यांवरून,
पाच रुपयांचं तिकीट लावून.
नावापुढं 'सर' लिहिलेलं.
तीस वर्षांत त्यानं मला सर म्हटलं नव्हतं.
मी अहेराचं पाकीट भरलं, एक रुपया वर घातला,
आणि ते कपाटात आहे.

शौकत आता पापाच्या तिकटीला बसतो.
परवा धीर करून गेलो.
म्हटलं, शौकतभाई, त्या दिवशी,
तो आनंदा शेळके,
त्यानं नक्की
त्यानं तराजूवरचा कागद झटकला.
माझ्याकडं बघितलं,
मग माझ्या मागं, रस्त्याकडं,
मग परत माझ्याकडं.
"सर, अर्धा किलो करू का पाव?"

पाव घेतली.
खाऊन झाल्यावर आरशात जीभ बघितली,
लहानपणी दाखवायचो एकमेकांना, तशी.
घासली. दोनदा.
रात्री गंगावेशीत गेलो, पेला पुढं केला,
तोंड मिटूनच उभा राहिलो.
पलीकडं खांबापाशी तो.
म्हशीनं मान वळवून
आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
आणि रवंथ करत राहिली.